क्रिकेटचा पुढचा पाय, बेसबॉलचा मागचा पाय

क्रिकेटमध्ये बॉलर धावत आला की अंपायरची नजर पुढच्या पायावर. पायाचा काही भाग पॉपिंग क्रीजच्या मागे आहे ना, एवढं तो बघतो. बेसबॉलमध्ये उलटा कारभार. बॅटरपुढे जमिनीत बसवलेल्या होम प्लेटकडे चेंडू टाकताना पिचरचं, म्हणजे टाकणाऱ्याचं, पुढचं पाऊल नेमकं कुठं पडावं, याची जमिनीवर रेघच नसते. अंपायर बघतो तो मागचा पाय, पिचरच्या जागी बसवलेल्या रबरच्या पट्टीला लागून आहे की नाही. टेनिस बॉलवर वाढलेल्या कोकणातल्या मुलांना पिचिंग शिकवताना अर्ध्या अडचणी इथूनच निघतात. 'नो बॉल' ऐकत मोठा झालेला मुलगा पिच करतानाही पुढचं पाऊल नेमून टाकायला जातो. मागच्या पायाकडे मग कुणाचंच लक्ष नसतं, त्याचंही नाही आणि सरांचंही नाही.

पुढचं पाऊल चुकीच्या जागी पडत असेल तर दुरुस्ती पुढच्या पावलाची करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते तिथं का पडलं याचं उत्तर त्याच्या क्षणभर आधी मागच्या तळव्याखाली आणि कमरेत ठरून गेलेलं असतं. पुढे सगळं उजव्या हाताच्या पिचरबद्दल लिहितोय. डावऱ्यांनी आरशात बघावं.

रबर म्हणजे 24 इंच लांब, 6 इंच रुंद पट्टी, जमिनीच्या पातळीत बसवलेली. तिच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. अमेरिकेत हे अंतर 1893 पासून तेच आहे. नवीन मुलगा या पट्टीवर उभा राहतो, म्हणजे अक्षरशः वर. टाच रबरवर, चवडा पुढच्या मातीत. बघायला ठीक वाटतं, पण घोटा तिरका होतो आणि जोर लावायची वेळ आली की टाच सरकते. पाय रबरच्या पुढे हवा. तळव्याची बाहेरची, म्हणजे करंगळीकडची कड रबरच्या पुढच्या कडेला चिकटलेली, पाऊल रबरला समांतर आणि चवडा तिसऱ्या बेसकडे, म्हणजे होम प्लेटकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला. रबर ही उभं राहायची पायरी नाही, रेटा द्यायची भिंत आहे. लाटेत होडी लोटणारा माणूस आधी पाय रोवतो आणि मग खांदा लावतो. पायाखालची वाळू सरकली तर होडी जागची हलत नाही. इथंही तेच.

सुरुवात सेट पोझिशनमधूनच, म्हणजे पाय रबरपुढे आधीच बसवून आडवं उभं राहूनच, शिकवावी. वाइंड-अपमध्ये पिचर आधी बॅटरकडे तोंड करून उभा असतो, मोकळा पाय थोडा मागे किंवा बाजूला टाकतो आणि त्याच वेळी उजवा पाय नव्वद अंश वळवून रबरपुढे बसवतो. हा वळता पाय नवशिक्याचा साठ-सत्तर अंशांवरच थांबतो, चवडा होम प्लेटकडे उघडा राहतो. तिथंच कंबर अर्धी उघडून बसली. आता पुढचं पाऊल डावीकडे पडणार, आणि सर ओरडणार, 'अरे, सरळ टाक पाऊल!' तो बिचारा सरळ टाकायचा प्रयत्न करतो आणि गुडघ्याला पीळ देतो.

वजन तळव्याच्या कुठल्या भागावर आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. सेटमध्ये उजव्या पिचरचं तोंड तिसऱ्या बेसकडे असतं. गुडघा वर उचलताना वजन बोटांवर गेलं तर शरीर तिसऱ्या बेसकडे कलतं आणि पाऊल मागच्या पायापासून होम प्लेटकडे जाणाऱ्या सरळ रेषेच्या उजवीकडे, म्हणजे बंद बाजूला पडतं. टाचेवर गेलं तर पाठीच्या बाजूला कलतं आणि पाऊल डावीकडे, उघडं पडतं. वजन हवं तळव्याच्या मधोमध, आणि आतल्या कडेवर किंचित जास्त. उजवा गुडघा बोटांच्या पुढे किंवा बाहेर ढळला की ही आतली कड सुटते. गुडघा उचलून दोन सेकंद न डुलता थांबता येत नसेल, तर चेंडू हातात द्यायची घाई करू नका.

आता ठसे. आपल्याकडची तांबडी माती या कामाला फार सोयीची आहे. वरचा थर बारीक चाळून पसरायचा, हिराच्या खराट्याने झाडून सपाट करायचा, उजव्या पायाच्या कमानीपासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत सुंभाची दोरी ताणून त्यावरून चुन्याची रेघ मारायची, दोरी काढून घ्यायची. मग दहा पिच टाकायला सांगायचं आणि मुलाकडे न बघता जमिनीकडे बघायचं.

पहिली गोष्ट, पुढच्या पावलांचे दहा ठसे किती जागेत आहेत. वीतभर जागेत एकावर एक पडले असतील, पण रेषेपासून बाजूला असतील, तर मुलाचा तोल चांगला आहे आणि मांडणी चुकली आहे: मागच्या पावलाचा कोन, नाहीतर वजनाची जागा. ही दुरुस्ती सहसा एका सकाळीत होते. ठसे सगळीकडे विखुरले असतील तर कोन बदलून काही होणार नाही, कारण गुडघा उचलतानाच तोल जातोय. त्याला पायांची ताकद आणि एका पायावरचा तोल लागतो, आणि त्याला महिने लागतात. या दोन मुलांना एकच सूचना देणं ही मैदानावर सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

रेषेवर किंवा रेषेच्या दोन-तीन बोटं उजवीकडे ठसा असेल तर छान. डावीकडे वीतभर गेला की कंबर आणि छाती लवकर उघडतात, हात मागे राहतो आणि त्याला एकट्याने धाव घ्यावी लागते. अशा वेळी चेंडू बहुतेक वर आणि उजवीकडे, म्हणजे उजव्या बॅटरच्या अंगावर जातो, आणि खांद्या-कोपरावर नको तो ताण येतो. उलट फार उजवीकडे पडला तर स्वतःचीच कंबर आडवी येते. वळायला जागा नसते आणि मुलगा अंगावरून आडवा हात ओढून फेकतो. टेनिस बॉलवर फार साइड-ऑन बॉलिंग करणाऱ्यांत हा दोष जास्त दिसतो.

मग ठशाची खोली. टाचेचाच खोल खड्डा आणि चवडा जेमतेम उमटलेला, म्हणजे पाय ताठ आदळला. टाच आधी टेकावी की चवडा, यावर लोक तावातावाने भांडतात. चांगले पिचर दोन्ही प्रकारांत सापडतात, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही. वजन पूर्ण येईपर्यंत सगळा तळवा जमिनीला लागलेला असावा, एवढं पुरे. चवड्याचा ठसा डावीकडे पुसल्यासारखा फाटलेला दिसला, तर पाऊल टेकल्यावर फिरलं, म्हणजे पाय घट्ट बसायच्या आत कंबर सुटली.

तिसरी खूण मागच्या पायाची. चेंडू सुटायच्या सुमाराला उजव्या पायाची टाच वर होते, लेस जमिनीकडे वळतात आणि अंगठ्याचं टोक मातीत रेघ ओढत पुढे येतं. ही रेघ वीतभर ते हातभर असते आणि साधारण होम प्लेटच्या दिशेने जाते. रेघच नसेल आणि मधे माती कोरी असेल तर मुलानं उडी मारली. रेघेऐवजी रबरपुढे गोल खळगा पडला असेल तर पाय जागीच फिरला आणि वजन मागेच राहिलं. ही सवय बहुधा बॅटिंगमधून आलेली असते. रेघ पहिल्या बेसकडे पळत असेल तर शरीर डावीकडे कोसळतंय. ठसे वाचता यायला लागले की मोबाइलच्या स्लो मोशनची गरज फारशी पडत नाही. तरी शूट करायचंच असेल तर सेकंड बेसकडून, म्हणजे पिचरच्या मागून, बरोबर रेषेत, कमरेच्या उंचीवर मोबाइल धरा. कोपऱ्यातून तिरका घेतलेला व्हिडिओ रेषेबद्दल हमखास फसवतो.

पाऊल किती लांब? मोठ्या, तयार पिचरचं पाऊल उंचीच्या 80 ते 100 टक्के असतं. मुलांना टक्के सांगू नका, त्यांच्याच बुटाने मोजायला लावा. 165 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा बूट 28 सेंटिमीटरचा धरला तर पाच बूट म्हणजे 140, साडेपाच म्हणजे 154 सेंटिमीटर. एवढ्यात असू द्या. लांबी पाय फेकून आणायची नसते. कमरेची पुढची बाजू आधी होम प्लेटकडे निघाली, पाय तिच्या मागोमाग आला, की लांबी आपोआप मिळते. नुसता पाय लांब टाकला की वजन मागे राहतं आणि चेंडू वर जातो. पाऊल फार आखूड पडलं तर छाती त्याच्यावर लवकर येते आणि चेंडू प्लेटच्या आधी मातीत.

चवड्याची दिशा किंचित बंद हवी. पिचरच्या नजरेने होम प्लेट बारावर धरली तर डाव्या पायाचा अंगठा बारा आणि एकच्या मधे. बरोबर बारावर असला तरी चालतं. अकराकडे गेला की गडबड. टेकताना गुडघा वाकलेला असतो, साधारण 45 अंशांच्या आसपास, आणि चेंडू सुटेपर्यंत तो सरळ व्हायला लागतो. टेकणं आणि चेंडू सुटणं यांत सेकंदाचा जेमतेम सातवा भाग जातो, म्हणून 'आता गुडघा ताठ कर' असं सांगून काही होत नाही. इथं मात्र आपल्या फास्ट बॉलरना फायदा मिळतो. पुढच्या पायाचा खांब करून त्यावरून फेकणं त्यांना ठाऊक असतं. भालाफेकीचं तंत्रही हेच मागतं. 2008 साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने पिचर म्हणून करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघेही मुळात भालाफेकपटू होते, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

पण बॉलर हा फायदा सपाट जमिनीवर शिकलेला असतो, आणि पिचर उतारावर टाकतो. भात कापून झाल्यावर मळ्यात सराव करायचा आणि स्पर्धेला घाटावर जाऊन थेट माउंडवर, म्हणजे पिचरसाठी केलेल्या मातीच्या उंचवट्यावर, उभं राहायचं, यात पहिल्याच इनिंगला पाय गोंधळतात. कारण हिशोबात आहे. माउंडचा माथा होम प्लेटपेक्षा 10 इंच उंच. रबरच्या पुढे 6 इंच सपाट, तिथून फुटाला एक इंच असा उतार. पाऊल रबरपासून 5 फुटांवर पडत असेल तर ती जागा साडेचार इंच खाली आहे. सपाटीवर सवय झालेल्या पायाला जमीन जिथं भेटायला हवी तिथं ती भेटत नाही. पाय आणखी खाली जातो, तेवढ्यात कंबर उघडते आणि सगळं उघड्या बाजूला सरकतं. एवढ्याशा उंचीने फार फरक पडतो. 1968 पर्यंत अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये माउंड 15 इंचांचा होता. त्या हंगामात पिचर बॉब गिब्सनची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, 1.12 राहिली, पिचरांपुढे बॅटर हतबल झाले, आणि 1969 पासून उंची 10 इंचांवर आली.

तेव्हा थोडा तरी उतार बांधाच. पूर्ण माउंड 18 फूट व्यासाचा असतो, त्याला एक ब्रासच्या आसपास माती लागते. सरावाला तेवढा नको. साडेचार फूट रुंदीचा पट्टा, रबरमागे सपाट माथा आणि पुढे दहा फूट उतार पुरतो. अर्ध्या ब्रासच्या आत काम होतं. मागच्या बाजूला आणि कडेला जांभ्याचे चिरे आधाराला लावा, पण पाय पोहोचेल तिथं एकही चिरा नको. पोटात मुरूम चालेल. वरचे चार-सहा इंच मात्र नुसत्या मुरमाचे केलेत तर पहिल्याच दिवशी खड्डे पडतील, कारण खडा सुटतो आणि स्पाइक त्याला उकरतात. मळ्यातली चिकणमाती किंवा वारुळाची माती मिसळा, दोन-तीन इंचांचा थर, हलकं पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. एकदम सगळी माती टाकून वरून धुम्मस मारली तर वर कवच आणि आत भुसभुशीत. उतार डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हलची नळी घ्या आणि दर फुटाला इंच तपासत जा. रबर नसेल तर 24 बाय 6 इंचांच्या फळीवर टायरचं रबर ठोका आणि फळी मातीच्या पातळीत बसवा. वर आलेली फळी म्हणजे ठेच.

रबरपुढचा आणि पाऊल पडायच्या जागेचा, असे दोन खड्डे रोज पडणारच. सराव संपला की ते भरून, ओले करून, चोपूनच घरी जायचं. कोरडी माती ढकलून बुजवलेला खड्डा दुसऱ्या दिवशी दुप्पट होतो. शिवाय आधीच्या पिचरने केलेल्या खड्ड्यात पुढच्याचा पाय आपोआप घसरून जातो, आणि त्याचे ठसे बघून काढलेला निष्कर्ष भलत्याचाच असतो. पावसाळ्यात ताडपत्री घाला, पण माउंडच्या कडेने पाणी जायला चर ठेवा, नाहीतर ताडपत्रीखाली चिखल शिजतो.

किनाऱ्याचं काय, हा प्रश्न इकडे हमखास येतो. कोरड्या वाळूत पिचिंग करू नये. मागचा पाय रेटा देताना सरकतो आणि मुलगा नकळत हाताने भरपाई करतो. ओहोटीला उघडी पडलेली ओली, कडक वाळू मात्र ठसे वाचायला मातीपेक्षाही चांगली. दापोलीजवळच्या मुरूडसारखा रुंद आणि सपाट किनारा हवा, आणि फेक किनाऱ्याला समांतर, नाहीतर एक पाय उंचावर पडतो. अनवाणी, हलक्या जोराने, आणि माउंडचा सराव म्हणून नाही तर फक्त रेषा आणि तोल बघायला. वेळ काढायचं जुनं गणित तिथीची पाऊणपट: चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी नऊला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी पाच-सहाला येते, संध्याकाळचा सराव त्या दिवसांत लावावा. अष्टमीला संध्याकाळी तिथं समुद्र असतो.

सरावात मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो भिंतीचा. भिंतीला डावी बाजू करून उभं राहायचं, कमरेपासून भिंत वीतभर लांब. गुडघा उचलायचा आणि कमरेची बाजू भिंतीला टेकवायची, खांद्याच्या आधी. खांदा आधी लागला तर मैदानावरही खांदाच आधी निघतो. दुसरा सराव चेंडूशिवाय: पाऊल टाकून तिथंच गोठायचं. चवडा, गुडघा, आणि हात खांद्याच्या उंचीला आलाय का, हे बघायचं. मग कॅचर अर्ध्या अंतरावर, तीस फुटांवर बसवून वीसेक चेंडू. पाऊल नेमकं पडावं म्हणून रेषेवर वीट, बॅट किंवा चिरा ठेवणारे लोक आहेत. तसं करू नका. एकदा पाय त्यावर पडला की घोटा गेला. चुन्याची रेघ पुरते.

रबरवर डावीकडे-उजवीकडे सरकून चेंडूची दिशा सुधारायचा मोह सगळ्यांना होतो. 24 इंचांत सरकायला जागा आहे आणि अनुभवी पिचर ती वापरतात. पण ठसे विखुरलेले असताना सरकणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण. नवशिक्याने मधोमध उभं राहावं.

नियमांतले दोन मुद्दे आपल्या मुलांना नडतात. एक, होम प्लेटकडे दुसरं पाऊल टाकता येत नाही आणि मागचा पाय उचलून पुन्हा रोवता येत नाही. रन-अपची सवय असलेला मुलगा जोर लावताना नेमकी ती छोटी उडी मारतो. बेसवर रनर असेल तर बॉक, म्हणजे रनरना एकेक बेस फुकट. नसेल तर तो नियमबाह्य पिच. दुसरं, सेटमध्ये पूर्ण थांबायचं, आणि विचार बदलला तर उजवा पाय रबरच्या मागे काढूनच बाहेर पडायचं. पुढे किंवा बाजूला काढला तर बॉक. हा मागे काढायचा पाय रोज दहा वेळा घोटून घ्या, कारण गोंधळल्यावर माणूस पुढेच सरकतो.

थकवा आधी पायांत येतो, हातात नंतर. पाऊल सुरुवातीपेक्षा अर्धा बूट आखूड पडायला लागलं की त्या दिवसापुरतं पिचिंग बंद. अमेरिकेतल्या पिच स्मार्टच्या मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे एका दिवसात 11-12 वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त 85 आणि 13 ते 16 वयाच्याने 95 पिच टाकावेत. पण दमट हवेत मे महिन्यात आपल्याकडे तिथपर्यंत पोहोचायची गरजच नाही, ठसे त्याच्या आधी सांगतात.

बुटांचं राहिलं. टेनिस बॉलचे गुळगुळीत तळव्याचे बूट माउंडवर नकोत. रबरी स्टडचे चालतात. क्रिकेटचे लांब स्पाइक चिकणमातीत रुततात आणि पुढचं पाऊल टेकल्यावर गुडघ्याला वळू देत नाहीत. मागच्या पायाच्या ओढीने उजव्या बुटाचं टोक काही आठवड्यांतच फाटतं. मोच्याकडून तिथं चामड्याचा किंवा जाड रबराचा तुकडा शिवून घ्या, नुसता चिकटवलेला टिकत नाही. झिजलेली जागा अंगठ्याच्या आतल्या टोकाला असायला हवी. करंगळीच्या बाजूने बूट फाटला असेल तर पाय उलटा ओढला जातोय, आणि मग पुन्हा रबरपुढच्या ठशापासून सुरुवात करा.